आडनावाचा रकाना आणि डेटाबेसमधल्या इतर नेहमीच्या चुका

या अंकासाठी साहित्याबाहेरचा एखादा अभ्यासलेख द्या, असं संपादक मंडळाकडून सांगणं आलं. आपल्या मंडळात बीसीए आणि बीएस्सीची बरीच मुलं-मुली आहेत. त्यांना डेटाबेस हा विषय असतो. नॉर्मल फॉर्मच्या व्याख्या पाठ होतात, पेपरात लिहिल्या जातात, मार्कही बरे पडतात. नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांत तीच मुलं एका रकान्यात स्वल्पविराम देत देत चार मोबाइल नंबर कोंबताना दिसतात. मी गेली बरीच वर्षं दुसऱ्यांनी बांधलेले डेटाबेस दुरुस्त करायचं काम करतो. गावं बदलली, कंपन्या बदलल्या, सॉफ्टवेअरची नावं बदलली, पण चुका त्याच त्याच. त्यातल्या काहींबद्दल इथे लिहितो.

शब्दांबद्दल आधीच सांगतो. टेबलला मी तक्ता म्हणेन, कॉलमला रकाना आणि रो म्हणजे ओळ किंवा नोंद. बाकीचे शब्द ऑफिसात जसे बोलतात तसेच ठेवतो. 'प्रायमरी की'ला 'प्राथमिक कळ' म्हटलं तर तुमच्या सरांनाही कळणार नाही.

आडनाव नसलेली मुलं

एका शिष्यवृत्तीच्या यादीचं काम माझ्याकडे आलं होतं. संस्थेचं नाव नको. तक्रार अशी की काही मुलांना अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला, पैसे मात्र आले नाहीत. संगणकावर कुठेही एरर नाही. पैसे पाठवणारा प्रोग्राम रोज वेळेवर चालत होता आणि रोज 'यशस्वी' असं लिहून ठेवत होता.

पैसे न आलेल्या मुलांची नावं मी एका कागदावर काढली. दहा-बारा नावं लिहिल्यावर लक्षात आलं की यातल्या कोणालाच आडनाव नाही. कोणी नुसतं एकच नाव लावतो, तर कोणाच्या नावापुढे फक्त वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, तेही पहिल्या नावाच्याच रकान्यात लिहिलेलं. अर्जात आडनावाचा रकाना ऐच्छिक होता, म्हणून मुलांनी तो रिकामा सोडला आणि डेटाबेसने तिथे 'नल' ठेवलं. पुढे मंजूर अर्जांची यादी आणि बँक खात्यांची यादी जुळवताना प्रोग्राम पहिलं नाव पहिल्या नावाशी आणि आडनाव आडनावाशी ताडून बघत होता.

इथे एसक्यूएलमधली एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. नल म्हणजे शून्य नाही, रिकामी जागाही नाही. नल म्हणजे 'माहीत नाही'. दोन माणसांची आडनावं मला माहीत नाहीत, तर ती दोन्ही सारखी आहेत असं म्हणता येईल का? नाही. वेगळी आहेत असं तरी म्हणता येईल का? तेही नाही. त्यामुळे नल बरोबर नल या प्रश्नाचं उत्तर 'हो' येत नाही, 'माहीत नाही' असं येतं, आणि जुळवणीत फक्त 'हो' आलेल्या ओळीच पुढे जातात. ही मुलं दोन्ही याद्यांत होती, तरी जुळवणीतून मुकाट्याने गळली. कोणी त्यांना वगळायचं ठरवलं नव्हतं.

दुरुस्ती तशी सोपी होती. नावावर जुळवायचंच नाही, अर्जाच्या क्रमांकावर जुळवायचं. बँक खात्याच्या यादीत अर्ज क्रमांक होताच, तो कोणी वापरत नव्हतं इतकंच. पण तोपर्यंत त्यातल्या काही मुलांची फी भरायची तारीख उलटून गेली होती. ते मला दुरुस्त करता आलं नाही.

नलचा दुसरा सापळा परीक्षेत येत नाही, कामावर मात्र हमखास येतो. समजा मंडळाच्या ग्रंथालयातून एकही पुस्तक न नेलेले सभासद शोधायचे आहेत. देवघेवीच्या तक्त्यात ज्यांचा क्रमांक नाही ते द्या, अशी 'नॉट इन' लावून तुम्ही क्वेरी लिहिता. देवघेवीच्या तक्त्यात एखाद्या ओळीत सभासद क्रमांक चुकून नल राहिला असेल, तर या क्वेरीचं उत्तर शून्य ओळी येतं. शंभर सभासदांनी पुस्तक नेलेलं नसलं तरी शून्य. बघणाऱ्याला वाटतं, वा, सगळे वाचतात. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरलं की हा प्रश्न येत नाही.

आता पुन्हा नावाकडे. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव हे तीन रकाने कोणी ठरवले? आपल्या मराठी घरांत स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असा क्रम असतो, म्हणून ते आपल्याला स्वाभाविक वाटतात. हैदराबादेत तेलुगू शेजाऱ्याचं घराण्याचं नाव आधी येतं, तेही बहुधा एका अक्षरात. गोव्यात एखाद्या बाईचं नाव 'मारिया दो कार्मो फर्नांडिस' असलं तर 'दो' हे मधलं नाव का? सीमाभागात एकाच वर्गात ही सगळी मुलं शेजारी शेजारी बसतात. ज्या अर्जात आडनाव सक्तीचं असतं तिथे लोक टिंब देतात, 'एनए' लिहितात, नाहीतर पहिलंच नाव पुन्हा लिहितात. मग आधारवर एक, बँकेत एक आणि मार्कलिस्टवर तिसरंच अशी एका माणसाची तीन नावं तयार होतात. हे प्रकरण विमानतळापर्यंत जातं. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर एकच शब्द नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश देणार नाही असं कळवलं, तेव्हा विमान कंपन्यांना त्याची परिपत्रकं काढावी लागली होती.

माझं मत विचाराल तर बहुतेक ठिकाणी 'पूर्ण नाव' हा एकच रकाना पुरतो. पत्रात हाक मारायला हवी असेल तर 'कोणत्या नावाने बोलवायचं' हा दुसरा. तुकडे करण्याआधी त्या तुकड्यांचं नेमकं काय करणार, हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळतं की जुन्या फॉर्ममध्ये होतं म्हणून.

एक गोष्ट एका जागी

आज आपण जो तक्त्यांचा डेटाबेस वापरतो त्याचा पाया एडगर कॉड यांनी घातला. आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या इंग्रज गणितज्ञाने १९७० मध्ये एक निबंध छापला. माहिती डिस्कवर कुठे आणि कशी ठेवली आहे याची चिंता वापरणाऱ्याने करू नये, त्याने फक्त तक्त्यांच्या भाषेत बोलावं, असा त्याचा रोख होता. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. नॉर्मल फॉर्म हे त्यांच्याच विचारातून आले. व्याख्या बाजूला ठेवून मी ते असे समजावतो, की प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहायची, बाकीच्यांनी तिच्याकडे बोट दाखवायचं.

ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. कॅथलिक पॅरिशच्या ऑफिसातली बाप्तिस्म्याची वही कधी बघायला मिळाली तर जरूर बघा. माणसाची मूळ नोंद त्या एका वहीत असते. पुढे दृढीकरण झालं, लग्न झालं, की त्याची टीप त्याच नोंदीच्या बाजूला लिहितात. लग्न दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये झालं असेल तर तिथले फादर बाप्तिस्मा झालेल्या पॅरिशला कळवतात आणि टीप मूळ वहीत चढते. चर्चच्या कायद्यातच हे सांगितलेलं आहे. त्यामुळे माणूस आयुष्यात दहा गावं फिरला तरी त्याचं लग्न झालंय की नाही हे बघायला एकच जागा पुरते. आणखी एक, जुनं खोडत नाहीत, शेजारी लिहितात. वाण्याच्या कीर्द-खतावणीतही तेच. चुकलेली रक्कम खोडायची नसते, उलट नोंद करायची असते. आजकाल 'ऑडिट ट्रेल' म्हणून जे विकतात ते दुसरं काय आहे?

आता डेटाबेसमध्ये याच्या उलट काय चालतं बघा. मंडळाच्या ग्रंथालयाचं उदाहरण घेऊ. सभासदाच्या ओळीत 'नेलेली पुस्तकं' असा एक रकाना केला आणि त्यात १२, ४५, ११२ असे क्रमांक लिहिले. पहिल्या दिवशी छान दिसतं. दुसऱ्या आठवड्यात कोणी विचारतं की १२ नंबरचं पुस्तक कोणाकडे आहे. तुम्ही 'लाइक' लावून रकान्यात '१२' शोधता, तर ११२ वालाही येतो, १२० वालाही येतो. मग स्वल्पविरामासकट शोधायचं, तर पहिलं आणि शेवटचं पुस्तक निसटतं. पुस्तक कधी नेलं ती तारीख कुठे लिहायची? दुसऱ्या रकान्यात पुन्हा स्वल्पविराम. १२ नंबरचं पुस्तक मुळात ग्रंथालयात आहे की नाही हे डेटाबेस तपासू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते नुसतं वाक्य आहे. यावर उपाय म्हणजे देवघेवीचा वेगळा तक्ता. सभासद, प्रत, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख, एका देवघेवीला एक ओळ. फॉरेन की लावली की नसलेलं पुस्तक कोणाच्या नावावर चढणारच नाही.

'प्रत' हा शब्द मी मुद्दाम वापरला. पुस्तक आणि प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्रंथपालाला न सांगता कळतं आणि इंजिनिअरला सांगूनही पटकन कळत नाही. एकाच कादंबरीच्या तीन प्रती असतील, त्यातली एक हरवली तर तुम्ही काय खोडणार? लेखकाचंही तसंच. एका पुस्तकाचे दोन संपादक, एक अनुवादक, एक मूळ लेखक. 'लेखक १', 'लेखक २', 'लेखक ३' असे रकाने वाढवत गेलात तर प्रातिनिधिक कथासंग्रह आला की रकाने संपतात.

प्रायमरी कीबद्दल थोडक्यात. मोबाइल नंबर, ईमेल, नाव यांना प्रायमरी की करू नका. ज्या गोष्टी माणूस बदलतो त्या त्याची ओळख होऊ शकत नाहीत. मोबाइल नंबर तर दुसऱ्याकडेही जातो. आपल्या देशात बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर नव्या ग्राहकाला देता येतो. तुम्ही नंबरलाच ओळख मानलंत तर नव्या माणसाला जुन्याची सगळी माहिती उघडून दिलीत. म्हणून साधा वाढत जाणारा क्रमांक घ्यावा, पण त्याचं माप बघून. चार बाइटचा सही असलेला पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ या आकड्याला संपतो. एवढ्या ओळी कोणाच्या होणार, असं वाटतं ना? नोव्हेंबर २०१८ मध्ये बेसकॅम्प या अमेरिकी सेवेच्या एका तक्त्यात बरोबर हा आकडा गाठला गेला आणि जवळपास पाच तास ग्राहकांना फक्त वाचता येत होतं, नवीन काही लिहिता येत नव्हतं. आठ बाइटचा पूर्णांक आधीच घेतला असता तर हे टळलं असतं.

आकडे जे आकडे नाहीत

बेळगावचा एसटीडी कोड ०८३१, गोव्याचा ०८३२. हे पूर्णांकाच्या रकान्यात ठेवलेत की ८३१ आणि ८३२ होतात. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही अशीच जातात. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा नाही, तो मजकूर आहे. दोन पिनकोडांची सरासरी आजवर कोणाला लागलेली नाही.

पैशांचं उलटं. तिथे बेरीज करायची असते, आणि लोक 'फ्लोट' घेतात. संगणक फ्लोटमधले दशांश दोनच्या पाढ्यात ठेवतो, त्यामुळे ०.१ त्याला नेमका मांडताच येत नाही. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. एका पावतीत हे दिसत नाही. वर्षाचा ताळेबंद लावताना काही पैशांचा फरक येतो आणि अकाउंटंट रात्री उशिरापर्यंत बसून राहतो. 'डेसिमल' हा प्रकार त्यासाठीच आहे.

तारखा मजकुरात लिहिल्या तर ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे लिहिणाऱ्यालाच माहीत. एक्सेलला तर तारखा बघायची सवयच आहे. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशा धर्तीची होती, ती एक्सेल मुकाट्याने तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने त्या जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर बदललं नाही, विज्ञानातली नावं बदलली. मला हे अजूनही पटत नाही.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर इंग्लंडची गोष्ट सांगतो. कोविडच्या काळात तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे प्रयोगशाळांकडून चाचण्यांचे निकाल साध्या मजकुराच्या फाइलींतून यायचे आणि ते एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत भरले जायचे. त्या जुन्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. नव्या प्रकारात दहा लाखांहून जास्त मावतात, पण फाइल जुनी होती. पान भरलं की पुढच्या ओळी गळायच्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यातले १५,८४१ बाधित असे मोजणीतून सुटले. बाधितांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कातल्या माणसांना शोधायचं काम उशिरा सुरू झालं. तिथेही शिष्यवृत्तीसारखंच झालं, कुठे लाल दिवा लागला नाही. आलेल्या ओळी किती आणि चढलेल्या ओळी किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघितले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ती तपासणी लिहायला दहा मिनिटं लागतात.

मराठी अक्षरांचं काय होतं

हा भाग साहित्यवाल्यांसाठीही आहे, त्यामुळे कंटाळला असाल तर इथून पुन्हा वाचायला लागा.

युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत आहे यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नाही, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी मोजायची. 'फर्नांडिस' इंग्रजीत नऊ अक्षरं, नऊ बाइट. मराठीत फ, र, हलन्त, न, काना, अनुस्वार, ड, वेलांटी, स अशी नऊ चिन्हं, पण सत्तावीस बाइट. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी, तुम्ही वेगळं सांगितलं नाहीत तर, बाइटमध्ये मोजतात. तीस बाइटचा आडनावाचा रकाना केला तर त्यात देवनागरीची दहाच चिन्हं मावतात. 'सहस्रबुद्धे' या आडनावात अकरा आहेत. डेटाबेस एरर देईल, म्हणून मधला प्रोग्राम लिहिणारा हुशारी करून जादा भाग कापून टाकतो आणि सहस्रबुद्ध्यांच्या घरी 'सहस्रबुद्ध' या नावाने पत्र जातं.

काही जुन्या डेटाबेसमध्ये रकानाच युनिकोडचा नसतो. तिथे मराठी लिहिलं की नुसती प्रश्नचिन्हं साठतात. अशी प्रश्नचिन्हं झालेली माहिती परत मिळत नाही, कारण प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलेलं असतं. जुन्या डीटीपीच्या फाँटमधला मजकूर त्यापेक्षा बरा. तो युनिकोडमध्ये बघितला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, पण फाँट कोणता होता ते माहीत असेल तर बदलून घेता येतो. मंडळाच्या जुन्या अंकांच्या फाइली कोणाकडे असतील तर फाँटसकट जपून ठेवा.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट म्हणजे दिसायला सारखी पण आतून वेगळी अक्षरं. 'कऱ्हाडे' किंवा 'दुसऱ्या' मधला तो अर्धा र बघा. युनिकोडमध्ये नुक्तावाला ऱ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे. साधा र आणि त्यापुढे नुक्ता असंही लिहिता येतं. काही कीबोर्ड तिसरीच वाट घेतात, साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही एकच. डेटाबेसला तीन वेगळे शब्द. पहिले दोन युनिकोडच्या नियमानुसार समान आहेत, त्यामुळे साठवण्याआधी मजकूर नॉर्मलाइझ केला की ते एक होतात. तिसरा होत नाही, त्याला आपला नियम आपणच लिहावा लागतो.

आणि 'ॲ'. पूर्वी अ वर चंद्र देऊन 'अॅग्नेस' लिहायचे. २००८ मध्ये युनिकोडमध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षर आलं, आता 'ॲग्नेस'ही लिहितात. या दोन्हींना युनिकोड समान मानत नाही, नॉर्मलाइझ करूनही ती वेगळीच राहतात. आपल्या कॉलेजमध्ये ॲग्नेस, ॲलन, ॲन, ॲंथनी किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. नावावर शोध घेणारा कुठलाही मराठी प्रोग्राम करताना पहिली चाचणी याच नावांची घ्या.

गावांची नावंही अशीच. बेळगाव, बेळगांव, बेलगाम, बेळगावी, बेळगावि. इंग्रजीत १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बदललं, त्यामुळे जुन्या नोंदी एका स्पेलिंगच्या आणि नव्या दुसऱ्या. गावाचं नाव माणसाला हाताने लिहायला दिलंत की जिल्ह्याची मोजणी पाच तुकड्यांत येते. गावांचा तक्ता वेगळा करा, त्यात क्रमांक एक, नावं हवी तेवढी. कोणतं नाव वर दाखवायचं यावर जो वाद व्हायचा तो त्या एका तक्त्यापुरता होऊ दे.

ऑफिसातल्या सवयी

आतापर्यंतच्या चुका पुस्तकात सापडतात. यापुढच्या सापडत नाहीत.

बहुतेक ठिकाणी एखादा 'तात्पुरता' तक्ता असतो. नावात कुठेतरी 'टेम्प' किंवा 'फायनल-२' असतं. ते बनवणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो आणि पगाराचा रिपोर्ट त्याच तक्त्यावर चालत असतो. पुसायची हिंमत कोणाला होत नाही. नव्या माणसाने असा तक्ता दिसल्यावर तो कोण वापरतं ते शोधून त्याच्यावर दोन ओळींची टीप लिहिली तरी मोठं काम झालं.

बॅकअपचं तर विचारू नका. 'बॅकअप आहे का' असं विचारलं की सगळे हो म्हणतात. 'तो परत चढवून शेवटचा कधी बघितला' असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीचं काय झालं ते वाचण्यासारखं आहे. रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनिअरला वाटलं आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत, आणि त्याने मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची फोल्डर पुसायला घेतली. एक-दोन सेकंदांत लक्षात येऊन थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधले. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा होता, त्यामुळे तो कित्येक दिवस अपयशी होत होता. अपयशाची ईमेल जात होती, पण ती ईमेलच समोरचा सर्व्हर नाकारत होता. बॅकअप जिथे साठायला हवे ती जागा रिकामी होती. शेवटी त्याच इंजिनिअरने चाचणीच्या कामासाठी सहा तास आधी योगायोगाने घेतलेली एक प्रत सापडली आणि तीवरून सगळं उभं केलं. मधल्या सहा तासांची माहिती गेली. कंपनीने हे सगळं लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर थेट दाखवली, नंतर सविस्तर अहवाल छापला आणि दोष त्या माणसावर न ढकलता पद्धतीवर ठेवला.

मी पाहिलेला दुसरा प्रकार सांगतो. कंपनीचं नाव नको. खर्च वाचवायला म्हणून चाचणीचा सर्व्हर बंद केला होता, आणि टीममधल्या सगळ्यांकडे चालू डेटाबेसचा एकच ॲडमिन पासवर्ड होता. नुकतीच लागलेली एक मुलगी एका ग्राहकाचा पत्ता बदलत होती. तिने 'अपडेट' लिहिलं, 'व्हेअर' राहिलं. सगळ्या ग्राहकांचा पत्ता एकच झाला. रात्रभर बसून बॅकअपवरून दुरुस्ती झाली. ज्यांनी चाचणीचा सर्व्हर बंद करायला लावला होता त्यांचं रात्रभर थांबल्याबद्दल कौतुक झालं आणि मुलीला महिनाअखेर घरी पाठवलं. पासवर्ड तोच राहिला. पुढच्या वर्षी नवीन मुलगा घेतला, त्यालाही तोच पासवर्ड मिळाला. चौकशीत एकानेही असं विचारलं नाही, की आठवड्यापूर्वी शिकायला आलेल्या मुलीच्या हातात सगळ्या ग्राहकांची वही कोणी दिली?

तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून एक सवय सांगतो. आधी तोच 'व्हेअर' लावून 'सिलेक्ट' चालवायचं आणि किती ओळी येतात ते बघायचं. मग ट्रान्झॅक्शन सुरू करायचं, 'अपडेट' चालवायचं, बदललेल्या ओळींचा आकडा आधीच्या आकड्याशी ताडायचा, जुळला तरच 'कमिट', नाहीतर 'रोलबॅक'. काही डेटाबेस प्रत्येक आज्ञा आपणहून कमिट करतात, मायएसक्यूएल त्यातलाच, म्हणून ट्रान्झॅक्शन सुरू करायला विसरायचं नाही. साहेब मागे उभे राहून 'झालं का, झालं का' करत असले तरी एवढं करायचं. आणि नवीन नोकरीत पहिल्या दिवशी कोणी चालू डेटाबेसचा ॲडमिन पासवर्ड दिला तर मला फक्त वाचायचा अधिकार द्या, असं लेखी मागा. ईमेलवर. बरेच साहेब रागावत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं. जो रागावतो तिथे पुढे काय वाढून ठेवलंय ते लवकर कळलेलं बरं.

मंडळाच्या ग्रंथालयाची यादी सध्या एका एक्सेल फाइलमध्ये आहे आणि तिच्यात 'नेलेली पुस्तकं' हा स्वल्पविरामवाला रकाना खरोखरच आहे, मघाचं उदाहरण मी हवेतून काढलेलं नाही. पुस्तक, प्रत, व्यक्ती, देवघेव आणि पुस्तकाशी व्यक्तीचं नातं काय (लेखक, अनुवादक, संपादक) असे पाच तक्ते पुरतील असं मला वाटतं. सभासदालाही 'व्यक्ती'तच ठेवायचं का, यावर माझा आणि ग्रंथपालांचा अजून वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं, आपले काही सभासद लेखकही आहेत, मग दोनदा कशाला लिहायचं. मला वाटतं, सभासदाचा फोन आणि पत्ता लेखकांच्या यादीशेजारी नको. ज्या विद्यार्थ्यांना यात हात घालायचा आहे त्यांनी दोन्ही पद्धतींनी तक्ते कागदावर मांडून आणावेत, संगणक लागणार नाही.